नाव काढून घेणारी शाळा

(बिडकीन येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पैठणच्या वाटेवरील या गावात, किंबहुना सबंध मराठवाड्यात, मुलगा सैन्यात वा पोलिसात भरती होऊन घराबाहेर पडतो तेव्हा वडीलधारी माणसे त्याला एक आशीर्वाद हमखास देतात : ‘नाव काढ.’ या दोन शब्दांत फार मोठा करार दडलेला आहे. तो मुलगा पुढे जे काही करील ते स्वतःच्या नावाने करील, त्या नावामागे बापाचे नाव, आडनाव आणि गाव उभे असेल, आणि बऱ्यावाइटाचा जाब विचारण्याची वेळ आली तर तो कोणाला विचारायचा हे सर्वांना ठाऊक असेल, असे त्यात गृहीत धरलेले असते. आजच्या व्याख्यानाचा विषय असलेल्या जपानी चित्रपटात तरुणांना जी शाळा भेटते ती प्रारंभीच त्यांचे नाव काढून घेते.

‘रिकुगुन नाकानो गाक्को’, म्हणजे ‘लष्कराची नाकानो शाळा’, हा चित्रपट १९६६ साली दायेई कंपनीने प्रदर्शित केला. दिग्दर्शक यासुझो मासुमुरा. १९२४ साली जन्मलेला हा माणूस ज्या पिढीचा होता, त्या पिढीला महायुद्धाच्या अखेरीस वर्गांतून उठवून थेट रणांगणावर धाडण्यात आले होते. युद्धानंतर त्याने टोकियो विद्यापीठात कायदा व तत्त्वज्ञान यांचा अभ्यास केला आणि पुढे रोमच्या चित्रपट-शिक्षणसंस्थेत धडे घेतले. पडद्यावर ब्रिटिश गुप्तहेर बाँडच्या साहसकथांना तेव्हा जगभर बहर आला होता आणि जपानी प्रेक्षकही त्यांच्यावर लुब्ध होता. या लाटेवर स्वार होण्याचा हिशेब निर्मात्यांनी केला असेलच. मात्र मासुमुराने जो कृष्णधवल चित्रपट हाती दिला त्यात उंची मोटारी नाहीत, विनोद नाही आणि विजयाचा आनंदही नाही. एका सुशिक्षित, सभ्य तरुणातून माणूस कसा काढून घेतला जातो याची ती शांत स्वरात सांगितलेली हकीकत आहे.

अठरा तरुण आणि एक गुरू

कथा १९३८ साली सुरू होते. चीनवर जपानने लादलेले युद्ध दुसऱ्या वर्षात शिरलेले आहे. जिरो मियोशी नावाचा राखीव दलातील तरुण अधिकारी नुकताच सेवेत रुजू झाला आहे. घरी आई आहे, आणि युकिको नावाच्या मुलीशी विवाह ठरलेला आहे. लेफ्टनंट कर्नल कुसानागी हा वरिष्ठ अधिकारी त्याची गाठ घेतो, काही चमत्कारिक प्रश्न विचारतो, आणि थोड्याच दिवसांत जिरोची निवड होते. त्याच्यासारखे एकूण अठराजण निवडलेले असतात. सैनिकी विद्यालयात वाढलेले, बुटांच्या टाचा आपटणारे अधिकारी हेरगिरीला निरुपयोगी ठरतात, म्हणून विद्यापीठांतून शिकून आलेली, नागरी समाजात सहज मिसळणारी मुले कुसानागीला हवी आहेत.

या मुलांना सांगितले जाते की आजपासून तुमचे नाव, तुमचे घर, तुमची बढती, तुमची वाग्दत्त वधू यांतले काहीही उरणार नाही. जिरो मियोशीचा जिरो शिइना होतो. घरी पत्र लिहावयाचे नाही, भेटावयाचे नाही. मग वर्षभर शिक्षण चालते : कुलपे उघडणे, सांकेतिक लिपी फोडणे, वेषांतर, विषांची माहिती, उच्चभ्रू समाजात वावरण्यासाठी नृत्य, स्त्रियांना वश करण्याचे तंत्रदेखील. हे शिक्षण मासुमुरा एखाद्या कारखान्यातील प्रक्रिया दाखवावी तसे दाखवतो. कच्चा माल आत येतो, एकेका यंत्रावरून जातो, आणि पक्का माल होऊन बाहेर पडतो.

प्रत्येक कारखान्यात काही माल मोडतो. एका विद्यार्थ्याला हे जिणे सोसत नाही आणि तो स्वतःचा जीव घेतो. दुसरा एका बाईच्या नादी लागून चोरी करतो. प्रकरण बाहेर पडले तर शाळाच बंद होईल हे उघड होताच त्याचे सोबती त्याला घेरतात आणि त्याने मरून शाळेची अब्रू राखावी असे त्याच्या गळी उतरवतात. अखेर तो मरतो. चित्रपटातला हा सर्वांत भयंकर प्रसंग होय, कारण वरून कसलाही हुकूम सुटलेला नसतो. शिक्षण इतके मुरलेले असते की हुकमाची गरजच संपलेली असते.

इकडे युकिको नाहीशा झालेल्या जिरोचा शोध घेत राहते. ती एका ब्रिटिश व्यापाऱ्याच्या पेढीत नोकरीस असते. शोध सुकर व्हावा म्हणून ती लष्कराच्या मुख्य कचेरीत टंकलेखिका होते. जिरोला सैन्यानेच गोळ्या घातल्या असे तिला पटवून दिले जाते, आणि ज्या सैन्याने जिरोचा घास घेतला त्याचे युद्ध लवकर संपावे या इच्छेने ती ब्रिटिशांना माहिती पुरवू लागते. जिरोच्या तुकडीवर परीक्षेचा म्हणून जो कामगिरीचा भार पडतो तो ब्रिटिश वकिलातीतील सांकेतिक लिपीचे पुस्तक मिळवण्याचा. ते काम फत्ते होते, पण ब्रिटिश तत्काळ लिपी बदलतात. बातमी मुख्य कचेरीतूनच फुटलेली असते. माग काढत जिरो जिच्यापाशी पोहोचतो ती युकिको असते. लष्करी पोलिसांच्या हाती पडली तर तिचे हाल होतील हे ओळखून तो स्वतःच तिला विष देतो, आत्महत्या भासावी अशी मांडामांड करतो, आणि नव्या कामगिरीसाठी चीनच्या भूमीकडे निघून जातो.

जिरोची भूमिका रायझो इचिकावा या नटाने केली. ऐतिहासिक चित्रपटांतील तलवारबहाद्दर नायक म्हणून तो लोकप्रिय होता. येथे त्याचा चेहरा जवळजवळ हलत नाही आणि त्याच्याच आवाजातील निवेदन सरकारी टिपणासारखे सपाट आहे. या चित्रपटाला १९६८ पर्यंत चार उत्तरभाग निघाले, इतर दिग्दर्शकांनी ते केले. १९६९ साली, वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी, इचिकावाचे निधन झाले.

चांगल्या माणसाचा धोका

या चित्रपटातील खलनायक कोण, असा प्रश्न विचारला तर पटकन उत्तर सापडत नाही. कुसानागी क्रूर नाही. दाइसुके काटो या नटाने त्याला गोलमटोल, प्रेमळ, काहीसा शाळामास्तरी चेहरा दिला आहे. तो विद्यार्थ्यांवर हात उगारत नाही, त्यांची कदर करतो, आणि त्यांच्यापुढे ध्येय ठेवतो. आशियातील जनता गोऱ्यांच्या जोखडाखाली आहे, तिला मुक्त करावयाचे आहे, आणि हेराने हे काम निष्कपट मनाने करावयाचे आहे, असे तो तळमळीने सांगतो. मुले त्याच्या शिस्तीने बांधली जात नाहीत, ती त्याच्या तळमळीने बांधली जातात. म्हणूनच ती स्वतःला पूर्णपणे देऊन टाकतात.

मासुमुराने नेमके येथे बोट ठेवले आहे. दुष्ट अधिकाऱ्याच्या हाताखाली वावरणारा तरुण स्वतःचा काही भाग मागे राखून ठेवतो. तो आतून विरोध करतो, निसटण्याची संधी शोधतो. ध्येयवादी गुरूपुढे मात्र असे काही राखून ठेवणे हाच विश्वासघात वाटू लागतो. कुसानागीच्या मनात काही काळेबेरे असते तर जिरोच्या हातून युकिकोला विष दिले गेले नसते. गुरूची सचोटी आणि शिष्याची निष्ठा दोन्ही शंभर नंबरी असतात, आणि दोहोंच्या बेरजेतून एक खून निघतो. या गणितात चूक कोठे आहे ती शोधणे हेच या चित्रपटाचे खरे काम आहे.

ती चूक व्यक्तींच्या स्वभावात सापडत नाही. कुसानागीला प्रश्न विचारणारे कोणी नाही, हे तिचे मूळ आहे. लष्करावर संसदेचा अंकुश नाही, वृत्तपत्रांच्या तोंडाला कुलूप आहे, न्यायालयाला शाळेचा पत्ता नाही, आणि विद्यार्थ्यांच्या आयांना आपली मुले कोठे आहेत हे माहीत नाही. चांगला हेतू आणि अमर्याद गुप्तता एकत्र आली की हेतू चांगला आहे की नाही याची परीक्षा घेणारा उरत नाही. मग हेतूच स्वतःचा न्यायाधीश होतो.

खरी शाळा आणि तिचा हिंदुस्थानशी संबंध

नाकानो शाळा हा कल्पनेचा खेळ नव्हता. जपानी लष्कराने १९३८ साली टोकियोत गुप्त कामगिरीच्या माणसांसाठी प्रशिक्षण-केंद्र काढले. पुढील वर्षी ते शहराच्या पश्चिमेकडील नाकानो भागात हलले आणि १९४० साली त्याला शाळेचे नाव मिळाले. तिच्या संस्थापकांत शुन आकिकुसा आणि हिदेओ इवाकुरो हे अधिकारी प्रमुख होते. विद्यार्थी लष्करी गणवेषाऐवजी साधे कपडे घालीत आणि केस वाढवीत. १९४५ च्या ऑगस्टमध्ये शाळा बंद झाली आणि कागदपत्रांची होळी झाली. तोवर दोन हजारांहून अधिक माणसे तिच्यातून बाहेर पडली होती. आकिकुसा सोव्हिएत कैदेत मरण पावला.

यांतील इवाकुरो हे नाव भारतीय वाचकाने विशेष लक्षात ठेवावे असे आहे. १९४१ च्या अखेरीस जपानने मलायावर चाल केली तेव्हा मेजर इवाइची फुजिवारा हा अधिकारी मूठभर सहकाऱ्यांनिशी हिंदी सैनिकांना इंग्रजांच्या बाजूने लढण्यापासून परावृत्त करीत होता. त्याच्या सहकाऱ्यांत नाकानोत शिकलेले तरुण अधिकारी होते. याच प्रयत्नांतून आणि कॅप्टन मोहनसिंग यांच्या पुढाकारातून आझाद हिंद सेनेची पहिली उभारणी झाली. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले आणि चाळीस हजारांहून अधिक हिंदी सैनिक जपान्यांच्या हाती आले. काम एवढे वाढल्यावर फुजिवाराची छोटी तुकडी जाऊन तिच्या जागी मोठे खाते आले. त्याचा प्रमुख होता नाकानो शाळेच्या संस्थापकांपैकी एक, कर्नल इवाकुरो.

फुजिवाराविषयी त्याच्याशी संबंध आलेल्या अनेक हिंदी माणसांनी आदराने बोलावे इतका तो मनाने स्वच्छ होता. चित्रपटातील कुसानागीचा तो जणू सख्खा भाऊ. पण धोरण तो ठरवीत नव्हता. बँकॉक येथे जून १९४२ मध्ये भरलेल्या परिषदेत हिंदी प्रतिनिधींनी जपान सरकारकडून हिंदुस्थानच्या पूर्ण सार्वभौमत्वाविषयी स्पष्ट हमी मागितली. इवाकुरोच्या खात्याकडून गोड शब्दांत टोलवाटोलवी होत राहिली.

याच सुमारास पेनांग बेटावर ‘स्वराज इन्स्टिट्यूट’ नावाची संस्था चालू होती. पेनांगचे बॅरिस्टर एन. राघवन यांच्या देखरेखीखाली मलायातील हिंदी तरुणांना हिंदुस्थानात गुप्तपणे कार्य करण्यासाठी तेथे तयार केले जाई. तीही हेरांची शाळाच होती, आणि तिचे ध्येय कुसानागीच्या ध्येयाहून अधिक खरे होते, कारण ते तरुण स्वतःच्याच देशाच्या मुक्तीसाठी निघाले होते. सप्टेंबर १९४२ मध्ये जपानी पाणबुडीने त्यांतील काहींना हिंदुस्थानच्या किनाऱ्याकडे आणले. काहीजण मलबारात तानूरजवळ उतरले. एक तुकडी काठेवाडच्या किनाऱ्याला लागली, आणि काहींना ब्रह्मदेशातून खुष्कीच्या मार्गाने धाडण्यात आले. तानूरला उतरलेले थोड्याच अवधीत पकडले गेले, आणि इतरही फार दिवस मोकळे राहिले नाहीत. मद्रासला खटला चालला. शत्रूच्या हस्तकांविरुद्ध १९४३ साली काढलेला वटहुकूम त्यांना लागू करण्यात आला आणि १० सप्टेंबर १९४३ रोजी मद्रासच्या तुरुंगात चौघांना फाशी देण्यात आले. त्यांत त्रावणकोरमधील वक्कमचा अब्दुल खादर होता, बंगालचा सत्येंद्र बर्धन होता, पंजाबचा फौजासिंग होता आणि केरळचा आनंदन होता. खादरचे वय सव्वीसच्या आसपास होते.

दरम्यान पेनांगमध्ये ठिणगी पडली. संस्थेतील तरुणांना राघवन यांच्या संमतीवाचून इवाकुरोच्या खात्याने परस्पर उचलून हिंदुस्थानात हेरगिरीसाठी धाडले. राघवन यांनी निषेध म्हणून संस्थेचे दार लावले आणि पुढे चळवळीच्या कार्यकारिणीचा राजीनामाही दिला. संघर्ष वाढत जाऊन २९ डिसेंबर १९४२ रोजी मोहनसिंग यांना जपान्यांनी अटक केली आणि पहिली आझाद हिंद सेना मोडली.

राघवन यांच्या निषेधाकडे इतिहासाच्या पुस्तकांतून एक बारीकसा तपशील म्हणून पाहिले जाते. वास्तविक कुसानागीला जो प्रश्न कोणीच विचारला नाही तो प्रश्न येथे विचारला गेला होता. ही मुले कोणाची? त्यांना मरणाच्या तोंडी धाडण्याचा निर्णय कोण घेणार? पाणबुडी ज्याची आहे तो, की ज्या देशाच्या नावाने ती निघाली आहेत त्या देशाच्या लोकांनी मानलेले पुढारी? हेरांच्या शाळेच्या मुख्याध्यापकाने विद्यार्थ्यांच्या वतीने शाळाच बंद करावी, याला जगाच्या इतिहासात फार जोड सापडणार नाही.

आणि खादरने फाशीच्या आदल्या रात्री वडिलांना पत्र लिहिले, हीदेखील नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे. नाकानोच्या जिरोला आईला पत्र लिहिण्याची मुभा नव्हती. वक्कमचा मुलगा स्वतःच्या नावाने, स्वतःच्या बापाला लिहून गेला. तो हेर होता, पण त्याचे नाव त्याच्यापाशी शिल्लक होते. म्हणून त्याचे गाव आज त्याच्या नावाने ओळखले जाते.

मोडलेल्या सेनेची सूत्रे १९४३ साली ज्यांच्याकडे आली त्यांत एक मराठी माणूस होता. सावंतवाडी संस्थानातील तिरोडे गावचे जगन्नाथराव भोसले. सिंगापूरच्या पाडावात ते युद्धबंदी झाले होते. नेताजी सुभाषचंद्र बोस पूर्व आशियात पोहोचण्यापूर्वीच्या कठीण महिन्यांत त्यांच्यावर लष्करी कारभाराची जबाबदारी आली आणि पुढे नेताजींच्या हाताखाली ते सेनेच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक झाले. स्वातंत्र्यानंतर ते लोकसभेवर निवडून आले, पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले आणि १९५४ साली निर्वासितांच्या मुलांसाठी त्यांनी राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. फाळणीत घर हरपलेल्या मुलांना उघड्या मैदानावर, सर्वांच्या देखत, कवायत आणि सामुदायिक जीवन शिकवणारी ती योजना होती. त्या शिस्तीवर मतभेद होऊ शकतात आणि झालेही. पण ती उजेडात होती, तिच्यावर टीका करता येत होती, आणि तिच्यातील प्रत्येक मुलाचे नाव हजेरीपटावर होते.

एकोणतीस वर्षांची कामगिरी

नाकानोच्या शिक्षणाचा शेवटचा हिशेब युद्धानंतर कितीतरी वर्षांनी लागला. १९४४ साली फुतामाता येथे शाळेची शाखा निघाली. तेथून बाहेर पडलेला हिरो ओनोदा हा तरुण अधिकारी त्या वर्षाअखेर फिलिपिन्समधील लुबांग बेटावर पोहोचला. काही झाले तरी जीव द्यावयाचा नाही, लढा चालू ठेवावयाचा, आम्ही परत येऊ, असे त्याला सांगण्यात आले होते. ऑगस्ट १९४५ मध्ये युद्ध संपले. ओनोदाचे संपले नाही. युद्ध संपल्याची पत्रके आली, वृत्तपत्रे आली, नातलगांचे आवाज आले. हे सारे शत्रूचे कपट असू शकते, असेच त्याला शिकवलेले होते. त्याच्या सोबत्यांपैकी एक १९५० साली शरण गेला, एक १९५४ साली आणि शेवटचा १९७२ साली मारला गेला. मार्च १९७४ मध्ये त्याच्या जुन्या वरिष्ठ अधिकाऱ्याने बेटावर जाऊन हुकूम वाचून दाखवला तेव्हाच त्याने बंदूक खाली ठेवली. मासुमुराच्या चित्रपटाला तोवर आठ वर्षे झाली होती.

जगभर त्याच्या निष्ठेचे कौतुक झाले. हिशेबाची दुसरी बाजू फारशी वाचली गेली नाही. त्या एकोणतीस वर्षांत ओनोदा आणि त्याचे सोबती यांच्या हातून बेटावरील सुमारे तीस माणसे मेली. शेतावर गेलेली, गुरे राखणारी, आपल्याच भूमीत वावरणारी ती गरीब माणसे होती. ज्या आशियाच्या मुक्तीसाठी शाळा निघाली त्याच आशियातील ती शेतकरी जनता होती. अर्थशास्त्रात एक जुना नियम शिकवला जातो : एखाद्या उद्योगाचा खर्च त्याच्या वहीत दिसला नाही म्हणजे तो झाला नाही असे नव्हे, तो दुसऱ्या कोणाच्या तरी माथी पडलेला असतो. नाकानोचा खर्च लुबांगच्या शेतकऱ्यांनी भरला, मद्रासच्या फाशीच्या खांबावर भरला गेला, आणि चित्रपटात तो युकिकोने भरला.

मग हेर नकोतच काय?

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. राज्य आले की हेर आले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गूढपुरुषांवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. ज्यांना नातलग नाहीत आणि ज्यांचे पोषण राजाला करावेच लागते अशा अनाथांना शिकवून हेर करावे, अशी तरतूदही त्यात आहे. नाकानोने धडधाकट घरातील मुलांना शिकवून अनाथ केले, कौटिल्याने अनाथ आयतेच घेतले, एवढाच फरक. तीन वेगवेगळ्या हेरांच्या बातम्या जुळल्या तरच विश्वास ठेवावा, असे तो बजावतो. म्हणजे बातमी तपासण्याची व्यवस्था त्याच्यापाशी होती. राजाला तपासण्याची नव्हती.

मराठ्यांचा इतिहास या बाबतीत निराळा धडा देतो. १६७९ साली शिवाजी महाराजांनी येथून जवळच असलेल्या जालन्याची मोहीम केली. परतीच्या वाटेवर मोगल फौजांनी त्यांना गाठले. लढाईत सिधोजी निंबाळकर कामी आले. त्या संकटात बहिर्जी या हेराने आडवाटेने, रात्रीचा प्रवास करवीत, महाराजांना पट्टा किल्ल्यावर सुखरूप पोहोचवले, असे सभासदाची बखर सांगते. बहिर्जींविषयी लोककथा अधिक आणि कागद थोडे. पण बखरकाराने त्यांचे नाव आवर्जून लिहिले, आणि सांगली जिल्ह्यातील बाणूरगडावर परंपरा त्यांची समाधी दाखवते. त्यांचे ज्ञान ज्या वाटांचे, ज्या खिंडींचे आणि ज्या माणसांचे होते, ती माणसे त्यांना परकी नव्हती.

निजामी राजवटीविरुद्धच्या १९४७-४८ च्या लढ्यात मराठवाड्यानेही गुप्त कार्य केले. बदनापूरजवळच्या धोपटेश्वर येथील दगडाबाई शेळके यांनी निरोप आणि शस्त्रे पोहोचवली. त्यासाठी त्यांना कोणत्याही शाळेत घर विसरावे लागले नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी उमरीच्या बँकेवर स्वातंत्र्यसैनिकांनी छापा घातला, आणि त्या पैशाचा हिशेब पुढे मांडला गेला ही गोष्ट मराठवाड्यात आजही आवर्जून सांगितली जाते. भूमिगत कार्यकर्त्यांनीही नावे बदलली होती. पण ती त्यांनी स्वेच्छेने बदलली, कामापुरती बदलली, आणि काम संपताच लोकांसमोर स्वतःच्या नावाने उभे राहिले.

याचा अर्थ लोकांच्या चळवळी या रोगापासून मुक्त असतात असा मुळीच नाही. साताऱ्याच्या प्रतिसरकारला लोक ‘पत्री सरकार’ म्हणत, आणि त्या नावामागे तळपायांना पत्रे ठोकण्याच्या शिक्षेची आठवण आहे. खबऱ्या ठरवलेल्या प्रत्येक माणसाला स्वतःची बाजू मांडण्याची पुरेशी संधी मिळाली असेल, असे छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. लढा न्याय्य असला म्हणजे त्यातील प्रत्येक गुप्त कृत्य न्याय्य ठरते, हा कुसानागीचा तर्क आहे. त्या तर्काला उजवे-डावे कळत नाही.

तेव्हा प्रश्न हेर असावेत की नसावेत हा नाही. त्यांच्यावर डोळा कोणाचा, हा आहे. या कसोटीवर लोकशाही भारताची स्थिती समाधानकारक नाही. देशांतर्गत गुप्तवार्ता विभाग इंग्रजांनी १८८७ साली निर्माण केला. परदेशी हेरगिरीची संस्था १९६८ साली स्थापन झाली. दोन्हीपैकी कोणतीही संसदेने केलेल्या कायद्याने जन्मलेली नाही आणि कोणत्याही संसदीय समितीला त्यांच्या कामाचा जाब विचारण्याचा अधिकार देण्यात आलेला नाही. २०११ साली एका खासदाराने या संस्थांना कायद्याची चौकट देणारे खाजगी विधेयक लोकसभेत मांडले. ते कायदा होऊ शकले नाही. १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात गुप्त माहितीचा उपयोग कोणाविरुद्ध झाला हे ज्या देशाने पाहिले, त्याने ही उणीव इतकी वर्षे तशीच ठेवावी हे आश्चर्य आहे. या संस्थांतील माणसे प्रामाणिक आहेत, असे उत्तर यावर दिले जाते. असतीलही. कुसानागीही प्रामाणिक होता.

मराठवाड्याच्या गावागावांतून आज पहाटे रस्त्यावर धावणारी मुले दिसतात. भरतीची तयारी चाललेली असते. शेती परवडत नाही, कारखान्यात कायमची जागा मिळत नाही, आणि गणवेष हाच प्रतिष्ठेचा व भाकरीचा एकमेव मार्ग वाटतो. त्यांच्या देशप्रेमाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. याच कारणाने त्यांचे देशप्रेम कोणाच्या हाती सोपवले जाते याविषयी समाजाने जागरूक राहिले पाहिजे. तरुणांची निष्ठा ही राष्ट्राची सर्वांत मौल्यवान पुंजी आहे. ती खर्च करण्याचा अधिकार ज्याला दिला त्याच्याकडून हिशेब मागणे याला देशद्रोह म्हणत नाहीत, राखणदारी म्हणतात.

युकिकोने त्या चित्रपटात अगदी साधी गोष्ट मागितली होती. माझा माणूस कोठे आहे, ते सांगा. तिने कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले आणि तिला उत्तर मिळाले नाही. ते उत्तर देणारा एखादा अधिकारी, ते मागणारा एखादा लोकप्रतिनिधी, ते छापणारे एखादे वृत्तपत्र त्या देशात असते, तर ती ब्रिटिशांकडे गेली नसती आणि जिरोला विषाची पुडी उघडावी लागली नसती. ज्या राज्यात या प्रश्नाला उत्तर देण्याची सोय नसते ते राज्य आधी स्वतःच्या मुलांना परके करते, मग त्यांच्याच हातून स्वतःच्या मुलींचा जीव घेते, आणि त्याला विजय म्हणते. १९४५ साली त्या विजयाची राख झाली. ती राख पाहिलेल्या पिढीतील एका माणसाने हा चित्रपट केला. ज्यांच्या घरातून मुले पाठवली जातात, त्या आईबापांनी तो पाहावा.